पहिल्या सम्राटावर चित्रपट करायचा तर: काळ, दरबार, सैन्य आणि हमखास होणाऱ्या चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे: चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्यावर भव्य ऐतिहासिक चित्रपटाची पटकथा लिहायला घेतली आहे. त्याच्या आयुष्यातला कोणता काळ निवडावा, जुलमी राजा रंगवताना तो ठोकळेबाज खलनायक होऊ नये म्हणून काय करावं, आणि सेट, कपडे, शस्त्रं, लढाया यांत नेहमी कुठे घसरायला होतं?

आधी काळ. यिंग झेंग जन्मला इ.स.पू. २५९ मध्ये, झाओ राज्याच्या राजधानीत, हानदानला. बाप तिथे छिनतर्फे ओलीस होता. इ.स.पू. २४६ मध्ये पोर वयात तो छिनचा राजा झाला, २२१ मध्ये सहा राज्यं गिळून सम्राट झाला आणि २१० मध्ये दौऱ्यावर असताना वारला. हे सगळं अडीच तासांत कोंबलं की दर दहा मिनिटांनी ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि एकही प्रसंग धड उभा राहत नाही. पटकथेला पुरतील असे तुकडे तीन आहेत. पहिला २४६ ते २३७: विधवा आई, तिचा प्रियकर लाओ आय, त्याचं बंड, आणि राजाला मोठा करणारा मंत्री ल्यू बुवेई याची हकालपट्टी. दुसरा २२८ ते २२१: विजयाचा काळ. तिसरा २१३ ते २१०: ग्रंथदहन, विद्वानांची हत्या, शेवटचा दौरा, मृत्यू आणि लपवाछपवी. लढायांसाठी पैसा हाताशी असेल तर दुसरा घ्या. नाट्य म्हणून तिसरा सर्वांत सकस आहे आणि तो तुलनेने स्वस्तही पडतो, कारण त्यातला बराच भाग बंद दारांमागे घडतो.

आता जुलूम. या राजावरचे बहुतेक चित्रपट फसतात ते इथे. राजा ओरडतो, प्याले फेकतो, समोरच्याचं मुंडकं उडवतो. ज्या राज्याने हे सगळं केलं ते रागावर चालत नव्हतं, हिशेबावर चालत होतं. प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छियानच्या इतिहासात एक तपशील आहे: हा राजा कागदपत्रं तोलून घ्यायचा. दिवसाला १ शी वजनाचा मजकूर वाचून हातावेगळा केल्याशिवाय विश्रांती नाही. १ शी म्हणजे १२० जिन आणि त्या वेळचा जिन साधारण २५० ग्रॅमचा, म्हणजे रोज सुमारे ३० किलो बांबूच्या पट्ट्या. तराजूवर गुंडाळ्या चढताहेत, सेवक वजनं लावतो आहे, रात्र उलटली तरी राजा वाचतो आहे. अशा एका दृश्यातून पाच शिरच्छेदांपेक्षा जास्त भीती पोचते.

त्याच इतिहासातला लियांगशान राजवाड्याचा प्रसंग तर आयता लिहून ठेवल्यासारखा आहे. साल २१२. सम्राटाने आपण कुठे आहोत हे गुप्त ठेवायचा हुकूम काढलेला. जो ठिकाण सांगेल त्याला मृत्युदंड. डोंगरावरच्या राजवाड्यातून तो खाली बघतो. महामंत्र्याच्या लवाजम्यात रथ फार दिसतात. तो नाराजीने काहीतरी बोलतो आणि विषय तिथेच संपतो. काही दिवसांनी महामंत्र्याचे रथ कमी झालेले दिसतात. सम्राटाच्या लक्षात येतं की आपलं बोलणं बाहेर गेलं. चौकशी होते, कुणीच कबूल होत नाही. मग त्या क्षणी जवळ हजर असलेल्या सगळ्यांना मारण्याचा हुकूम निघतो. हा प्रसंग घ्याल तर पहिल्या शॉटमध्ये सेवकांचे चेहरे ओळखीचे करून ठेवा: पंखा धरणारा, पाणी आणणारी, पडदा सारणारा. दुसऱ्या शॉटमध्ये रथ फक्त मोजू द्या. तिसऱ्यात त्याच जागी नवी माणसं उभी. मारहाण दाखवायची गरजच नाही.

नटाच्या निवडीसाठीही मजकूर उपलब्ध आहे. वेई लियाव या सल्लागाराने केलेलं वर्णन सिमा छियानने दिलं आहे: उंच नाक, लांबट डोळे, शिकारी पक्ष्यासारखी छाती, कोल्ह्यासारखा आवाज, अडचणीत असताना लोकांपुढे सहज नमणारा, जम बसला की त्यांनाच खाणारा. पण हाच वेई लियाव हेही नोंदवतो की राजा माझ्याशी बरोबरीने वागतो, माझ्यासारखेच कपडे घालतो, माझ्यासारखंच जेवतो. ही नम्रता खोटी नाही आणि खरीही नाही, ती कामापुरती आहे. संवाद लिहिताना हा धागा सोडू नका. धिप्पाड, गडगडाटी आवाजाचा नट इथे मुळातच चुकीचा.

सूड दाखवायचाच असेल तर २२८ चं हानदान घ्या. शहर पडल्यावर राजा स्वतः तिथे गेला आणि लहानपणी त्याच्या आजोळच्या लोकांशी वैर धरणाऱ्यांना शोधून मारलं. एरवी हिशेबी असलेला हा माणूस इथे वैयक्तिक होतो. म्हणून हा प्रसंग एकदाच ठेवा. असे तीन केलेत की फरक पुसला जातो.

आता एक खबरदारी. सिमा छियानने लिहिलं ते सम्राटाच्या मृत्यूनंतर साधारण शंभर वर्षांनी, ज्या हान घराण्याने छिनची जागा घेतली त्याच्या दरबारात बसून. छिन क्रूर होता असं म्हणणं त्या दरबाराच्या सोयीचं होतं. राजाचा खरा बाप ल्यू बुवेई होता ही गोष्ट त्याच पठडीतली, आणि पडद्यावर ती निर्विवाद सत्य म्हणून दाखवू नये. कुणाच्या तरी तोंडी कुजबुज म्हणून ठेवली तर तिची ताकद उलट वाढते.

ताडून पाहायला दुसरा पुरावाही आहे. १९७५ मध्ये हुपै प्रांतात शुईहूदी इथे एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात कायद्याच्या बांबूपट्ट्या सापडल्या. त्यात वेठीच्या कामाला उशिरा पोचल्याची शिक्षा दिली आहे: ३ ते ५ दिवस उशीर झाला तर ताकीद, ६ ते १० दिवसांना एका ढालीचा दंड, दहाच्या वर गेलं तर एका चिलखताचा, आणि पावसामुळे काम होऊ शकत नसेल तर माफी. दुसरीकडे २०९ मध्ये पावसात अडकलेल्या ९०० जणांच्या तुकडीने बंड केलं ते ‘उशीर म्हणजे मरण’ या कारणाने, असं इतिहास सांगतो. ती सीमेवरची लष्करी ड्युटी होती, त्यामुळे नियम वेगळा असू शकतो. पण पटकथेत प्रत्येक चुकीला मुंडकं उडवणारं राज्य दाखवाल तर ते छिन नव्हे. ते राज्य दंड लावायचं, तो फिटला नाही तर माणसाला सक्तमजुरीला जुंपायचं, गुन्ह्याप्रमाणे कपाळ गोंदायचं, नाक किंवा पाय कापायचं, आणि शेजाऱ्याला शेजाऱ्यासाठी जबाबदार धरायचं. लहान शिक्षांची ही उतरंड दाखवा. प्रेक्षकाला ती जास्त अंगावर येते, कारण तिच्यात तो स्वतःला बघू शकतो.

जिंग केचा हल्ला, साल २२७. दुसरा तुकडा निवडलात तर हा मध्यवर्ती प्रसंग, आणि याचं नृत्यदिग्दर्शन करून तो बिघडवण्याची परंपरा जुनी आहे. मूळ क्रम असा: येन राज्याचा दूत जिंग के छिनमधून पळालेल्या सेनापतीचं मुंडकं पेटीत घेऊन येतो, त्याचा साथीदार छिन वूयांग नकाशाची पेटी धरतो. पायऱ्यांशी साथीदाराचा चेहरा पांढरा पडतो, हात थरथरतात. जिंग के हसून सावरून घेतो आणि नकाशा स्वतः पुढे नेतो. गुंडाळी उलगडत जाते, शेवटाला विषारी खंजीर. तो डाव्या हाताने राजाची बाही धरतो, उजव्याने खंजीर मारतो; बाही फाटते, राजा सुटतो. तलवार उपसायला जातो तर ती लांब, म्यानात घट्ट, निघत नाही. राजा खांबाभोवती पळतो. दरबाऱ्यांना आत शस्त्र आणायची बंदी, म्हणून ते नुसत्या हातांनी झोंबतात. सशस्त्र पहारेकरी खाली उभे आहेत, पण राजाज्ञेवाचून त्यांना वर यायची मनाई, आणि राजाला आज्ञा द्यायला उसंत नाही. वैद्य श्या वूजू औषधाची पिशवी फेकून मारतो. कुणीतरी ओरडतं, तलवार पाठीवर ढकला! राजा तसं करतो, तलवार निघते, जिंग केच्या डाव्या मांडीवर वार बसतो. तो खंजीर फेकतो, तो खांबाला लागतो.

स्टंट दिग्दर्शकाला तीन गोष्टी बजावून सांगा. एक, कुणीही तरबेज लढत नाही. हा सगळा गोंधळ आहे आणि गोंधळासारखाच दिसला पाहिजे. दोन, सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिक-आकृत्यांच्या खड्ड्यांत सापडलेल्या काशाच्या तलवारी ८० ते ९५ सें.मी.च्या आहेत, पात अरुंद. तेवढ्याच लांबीची प्रॉप तलवार करा आणि म्यान कमरपट्ट्याला खरोखर घट्ट बांधा, म्हणजे नटाला ‘अडकल्याचा’ अभिनय करावा लागणार नाही. मोठ्या बाह्यांच्या झग्यात ती आपोआप अडकते. तीन, पहारेकऱ्यांचा शॉट कापू नका. राजाने स्वतःच्या जिवासाठी केलेला नियमच त्याच्या जिवावर उठतो, आणि अख्ख्या प्रसंगाचा मथितार्थ त्या पायऱ्यांवर खिळलेल्या माणसांत आहे. नंतर राजा बराच वेळ अस्वस्थ होता, अशीही नोंद आहे. तेव्हा विजयी गर्जना नको.

सेटवर या. सर्वांत मोठी चूक म्हणजे बीजिंगचा राजवाडा डोळ्यांसमोर ठेवणं. पिवळी चकाकती कौलं, लाल भिंती, संगमरवरी कठडे हे सगळं दीड हजाराहून अधिक वर्षांनंतरचं. छिनचे वाडे धुम्मसने चोपून चढवलेल्या मातीच्या उंच चौथऱ्यांवर होते. वर लाकडी खांबांची दालनं, राखाडी कौलं, वळचणीला नक्षीदार गोल मुखकौलं, पायऱ्यांना पोकळ विटा. चोपलेल्या मातीत ७-१० सें.मी.चे थर आडव्या रेषांसारखे दिसतात. प्लास्टर करून त्या रेषा बुजवल्यात तर सगळं सिमेंटचं वाटतं. ओल्या मिश्रणात फळ्यांचे ठसे उठवले की काम होतं. चीनच्या प्रसिद्ध भिंतीचंही तसंच. सेनापती मेंग तियानच्या ३ लाख माणसांनी बांधलेली भिंत माती आणि दगडांची होती. विटांची, बुरुजांची, पर्यटकांना परिचित भिंत बरीच नंतरच्या मिंग काळातली आहे. ती शॉटमध्ये आली की जाणकार हसतो.

सम्राटाने बांधायला घेतलेल्या एपांग राजवाड्याचं एक सांगायला हवं. त्याला आग लागून तो महिनोन्‌महिने जळाला असं दाखवायचा मोह होतो. तिथल्या उत्खननात मातीचा सुमारे १,२७० मीटर लांबीचा चौथरा सापडला, पण जळाल्याच्या खुणा नाहीत. वाडा पुरा झालाच नव्हता. २०६ मध्ये आग लागली ती राजधानी शियानयांगच्या वाड्यांना. पडद्यावर अर्धवट चौथरा आणि त्यावर राबणारी माणसं दाखवणं खरंही आहे आणि सोपंही. या वाड्यावर आणि सम्राटाच्या थडग्यावर मिळून ७ लाख शिक्षा झालेले लोक जुंपल्याचा आकडा इतिहासात आहे.

आत खुर्च्या नाहीत. सगळे चटईवर, टाचांवर बसलेले. समोर बुटकी मेजं. याचा कॅमेऱ्यावर मोठा परिणाम होतो: भिंगाची उंची जमिनीपासून ७०-८० सें.मी.वर येते, ट्रॉलीचे रूळ झाकायला जागा उरत नाही, आणि दोन तास टाचांवर बसलेल्या जुनिअर आर्टिस्टचे पाय बधिर होतात. त्यांना आळीपाळीने उठवायचं वेळापत्रक आधीच करा. उजेड काशाच्या तेलदिव्यांचा. कागद नाही, चिनी मातीची पांढरी भांडी नाहीत, कापूस नाही (श्रीमंतांना रेशीम, बाकीच्यांना तागासारख्या धाग्याचं कापड), मका-मिरची नाही, बंदुकीची दारू अर्थातच नाही. नाणं हवं असेल तर गोल, मधे चौकोनी भोक असलेलं बानलियांग.

कपडेपटात पहिला वाद मुकुटाचा होतो. कपाळावर मण्यांच्या माळा लोंबणारा मुकुट सगळ्या चित्रांत आहे, पण त्या माळांचे नियम पक्के झाले ते इ.स. ५९ मध्ये, हान काळात. छिन दरबाराने पूजेलाही साधा काळा पोशाख ठेवल्याची नोंद आहे. काळा रंग, सहा हा आकडा, सहा घोडे: ही व्यवस्था २२१ नंतरची, कारण छिनने स्वतःला जलतत्त्वाशी जोडून घेतलं. म्हणजे २२७ च्या दरबारात सगळे काळ्यात दाखवणं चूक; आणि २२१ नंतर अचानक सगळं काळं होतं हे तुमच्या कलादिग्दर्शकाला मिळालेलं फुकटचं हत्यार आहे. झग्याचा डावा पदर वर घेऊन उजवीकडे बांधायचा. घाईत शंभर जुनिअर आर्टिस्ट तयार करताना दहा-पंधरा जण हमखास उलटा बांधतात, म्हणून रांगेत एक माणूस फक्त तेवढंच तपासायला उभा करा.

सैनिक राखाडी नव्हते. १९७४ मध्ये सापडलेल्या मृण्मूर्ती आज मातकट दिसतात कारण रंगाखालचा रोगणाचा थर उघड्यावर येताच काही मिनिटांत वाळून सुटतो. मुळात लाल, हिरवे, निळे, जांभळे कपडे होते. गणवेशाचा एकसारखेपणा नव्हता, कारण माणसं कपडे स्वतःचे आणायची. शुईहूदीलाच हैफू आणि जिंग या दोन शिपाई भावांची लाकडी फळ्यांवरची पत्रं मिळाली. छू राज्यावरच्या स्वारीतून ते घरी आईकडे पैसे आणि उन्हाळी कपड्यांसाठी कापड मागतात. सामान्य माणसाची बाजू मांडायला उपकथानक हवं असेल तर कल्पनेने काही रचण्याआधी ही दोन पत्रं वाचा.

चिलखत चामड्याच्या पट्ट्यांचं, दोऱ्यांनी ओवलेलं. छातीवर वरची पट्टी खालच्या पट्टीवर येते. पोटावर उलट, खालची वरच्यावर, म्हणजे वाकता येतं. सगळीकडे एकाच दिशेने पट्ट्या लावल्या की नट वाकताना चिलखत वर उचललं जाऊन हनुवटीला लागतं. फोमच्या पट्ट्या चालतात, पण दोऱ्या खऱ्या ठेवा. चिकटवलेल्या पट्ट्या हालत नाहीत आणि क्लोजअपमध्ये ते कळतं.

घोड्यांना रिकीब नाही. चीनमध्ये ती दिसते इ.स. चौथ्या शतकाच्या आसपास. खोगीर आहे, पण मऊ. मृण्मूर्तींमधले घोडे खांद्याशी जेमतेम १.३ मीटर उंच आहेत. स्टंट रायडरला रिकीब काढून दौडवणं धोक्याचं असतं, म्हणून दौडीच्या शॉटला खोगिराच्या रंगाची पातळ रिकीब लावून ती नंतर व्हीएफएक्समध्ये पुसून टाका. मात्र भाला काखेत धरून टक्कर देणारे घोडेस्वार लिहूच नका. रिकिबीशिवाय तशी टक्कर घेणारा स्वतःच खाली येईल. घोडेस्वारांचं काम टेहळणी, पाठलाग आणि धनुष्य.

खरी ताकद क्रॉसबोची. काशाचा चाप, पायाने धनुष्य दाबून दोन्ही हातांनी दोरी ओढायची, मग नेम. भरायला वेळ लागतो म्हणून रांगा पाळीने मारतात: एक बसलेली, एक उभी, एक भरणारी. पहिल्या खड्ड्याची रचनाच व्हीएफएक्ससाठी वापरा: पुढे बिनचिलखती माऱ्याच्या तीन रांगा, मागे चार-चारच्या नऊ पट्ट्यांत पायदळ आणि चार घोड्यांचे रथ, दोन्ही बाजूंना बाहेर तोंड केलेली एकेक रांग, पिछाडीला मागे तोंड केलेली. ३०० माणसं एवढ्या शिस्तीत नीट चित्रित करून घेतली तर पुढचं गुणाकाराचं काम सोपं होतं. अस्ताव्यस्त हजार माणसं घेऊन होत नाही. शस्त्रांवर अक्षरं कोरा. सापडलेल्या काही शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या मंत्र्याचं म्हणून ल्यू बुवेईचं आणि खाली कारागिराचं नाव आहे. पातं मोडलं की कुणाला धरायचं हे लिहिलेलं.

छूच्या स्वारीत आकडेच नाट्य आहेत. तरुण ली शिन म्हणाला २ लाख पुरेत, म्हातारा वांग जियान म्हणाला ६ लाख हवेत. राजाने स्वस्त भाव निवडला, सैन्य मार खाऊन आलं, मग राजा स्वतः वांग जियानच्या घरी माफी मागायला गेला. वांग जियान निघताना आणि वाटेतूनही सारखी जमीन-वाडे मागत राहिला, कारण अख्खं सैन्य हातात असलेल्या माणसाने लोभी दिसणं हाच जिवंत राहायचा मार्ग होता. लढाईचा निम्मा खर्च कापून तो या दृश्यांवर लावलात तरी चित्रपटाचं नुकसान नाही.

ग्रंथदहन (२१३) लिहिताना लक्षात ठेवा: वैद्यक, शकुन आणि शेतीचे ग्रंथ वगळले होते, सरकारी विद्वानांच्या प्रती राहिल्या. हुकमानंतर ३० दिवसांत न जाळणाऱ्याला गोंदून मजुरीला पाठवायचं होतं. प्रॉप म्हणून बांबूच्या पट्ट्या साधारण २३ सें.मी. लांब, बोटाहून अरुंद, दोन-तीन दोऱ्यांनी ओवलेल्या. आगीत दोऱ्या आधी जळतात, पट्ट्या सुट्या होऊन ढासळतात, आणि पेरं असलेला बांबू फुटून आवाज करतो. तो आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित करा. पुढच्या वर्षीच्या ४६० हून अधिक जणांच्या हत्येला ठिणगी पडली ती अमरत्वाचं औषध शोधणारे दोघे पळून गेल्यामुळे. दोन्ही घटना एकाच रात्री दाखवू नका.

शेवट कुठे करायचा? शाछ्यूला, जिथे दौऱ्यात सम्राट वारला. सम्राट वारल्याचं धाकटा मुलगा हूहाई, मंत्री ली सी, दरबारी झाओ गाओ आणि पाच-सहा खोजे एवढ्यांनाच माहीत. बंद रथात जेवण जात राहतं, अर्ज आत जातात, मंजूर होऊन बाहेर येतात. उन्हाळ्यात वास येऊ लागतो तेव्हा रथांवर १ शी खारवलेले मासे चढवले जातात. थोरला मुलगा फुसू याला खोटं पत्र, त्याची आत्महत्या. याच्या पुढे जाऊन घराण्याचा नाश दाखवायला गेलात तर दुसरा चित्रपट सुरू होतो.

या भागात कंटिन्युइटीवाल्यांना एक गोष्ट लेखी द्या. छिनचं वर्ष दहाव्या महिन्यात सुरू व्हायचं. म्हणून शेवटचा दौरा राजाच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात निघाला आणि सम्राट वारला तो त्याच सदतिसाव्या वर्षाच्या सातव्या महिन्यात. आपल्या सवयीने वाचलं तर मृत्यू दौऱ्याच्या आधीच येतो. प्रत्यक्षात दौरा नऊ-दहा महिन्यांचा: निघताना थंडीची सुरुवात, जाड पदरी झगे, शेवटी भर उन्हाळा. पाटीवर महिना लिहिणार असाल तर ऋतूही लिहा.